पाठ टेकणं

ज्युदोच्या वर्गात पहिले दोन महिने नुसतं पडायला शिकवतात, हे मी घरी सांगितलं नव्हतं. शाळेत नव्या आलेल्या पी.टी.च्या मॅडम मुलींना कुठलीशी जपानी कुस्ती शिकवतात आणि त्यांनी मला स्वतःहून निवडलंय, एवढंच घरी माहीत होतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यातला 'कुस्ती' हा एकच शब्द ऐकू गेला होता. तेवढ्यावर ते आठवडाभर खूष होते.

आप्पा पैलवान होते. कसबा बावड्यात आमचं घर. पोटासाठी ते साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, पण गल्लीत त्यांना वॉचमन म्हणून कुणी ओळखत नव्हतं. दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे 'पैलवान'च म्हणायचे. तरुणपणी त्यांनी गावोगावची मैदानं केली होती आणि त्यांची पाठ एकदाही मातीला लागली नव्हती, असं तालमीत सांगायचे. यात खरं किती आणि वाढवलेलं किती, कुणास ठाऊक. पण आमच्याकडं वाढलेल्या माणसाला पाठ लागणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाठ लागली की कुस्ती संपली. उठायचं, अंगावरची माती तशीच घेऊन गर्दीतून वाट काढायची आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता घर गाठायचं. आप्पा झोपायचेसुद्धा कुशीवर. आई त्यावरून चेष्टा करायची, पण ते हसायचे नाहीत.

आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. मुलगा नाही हे आप्पा कधी बोलून दाखवायचे नाहीत. इतर लोक बोलायचे. सकाळी अंगणात ते जोर काढायचे तेव्हा मीही त्यांच्या शेजारी काढायची. त्यानं माझे खांदे रुंद झाले. ब्लाऊज शिवणारी बाई माप घेताना दोनदा टेप लावायची आणि आईकडं बघायची. वर्गातल्या मुली मलाही 'पैलवान' म्हणायच्या, पण तो शब्द आप्पांना म्हणताना जसा वाटायचा तसा मला म्हणताना वाटत नव्हता. मी पोक काढून चालायला शिकले होते. आणि एवढे जोर काढून तालमीत काही जाता यायचं नाही. आप्पांचा टॉवेल घेऊन गेले तरी बाहेर पायरीपाशी उभं राहायचं. पोरींनी लाल मातीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम होता.

त्यामुळं मॅडमनी नववीच्या वर्गात येऊन मला उभं केलं आणि "खांदे छान आहेत तुझे" असं सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हा मला रडूच यायला लागलं होतं.

मॅडम नागपूरकडच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून कोल्हापुरात आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हजेरी घेतली आणि मी म्हटलं, "आलो मॅडम."

"आलो नाही, आले म्हण."

आमच्याकडं पोरी 'आलो, गेलो'च म्हणतात. सगळा वर्ग एकमेकींकडं बघायला लागला. त्या दिवसापासून मॅडमसमोर 'आले' आणि हॉलच्या बाहेर 'आलो', असं माझं सुरू झालं.

हॉल म्हणजे शाळेची मागची मोठी खोली. तिथं काथ्याच्या जुन्या गाद्या एकीला एक लावून वर ताडपत्री ताणून बांधली होती. तीच आमची मॅट. आत जाताना मॅटला वाकून नमस्कार करायचा. जोडीदारणीलाही वाकून नमस्कार करायचा. मॅडम सांगायच्या, "ज्यु म्हणजे मऊ आणि दो म्हणजे वाट. समोरची ढकलते तेव्हा आपण उलट ढकलायचं नाही. ती येतेय ना, मग तिला येऊ द्यायचं. तिच्याच जोरानं तिला पुढं न्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, ती तुमची दुश्मन नाही. तिनं आपलं अंग तुमच्या हातात दिलेलं असतं. ते नीट खाली ठेवायची जबाबदारी तुमची."

हे सगळं ऐकायला मला बरं वाटायचं. करायची वेळ आली की मात्र माझी पाठ ऐकायची नाही. मागं पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि हात तळव्यापासून खांद्यापर्यंत एकदम मॅटवर आपटायचा. म्हणजे आदळायचा जोर हातातून निघून जातो, डोक्याला लागत नाही. इतर मुली आठवड्याभरात पडायला शिकल्या. मी पडायला लागले की शेवटच्या क्षणी वळून पोटावर यायची. दोन्ही कोपरं सोलून निघाली.

"तू वळतेस का?" मॅडमनी एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं.

"पाठ लागली की हरलो की मॅडम."

"ज्युदोतही तसंच आहे. पाठीवर नीट फेकली गेलीस तर हरलीस."

"मग?"

"मग काय? हरलीस तर हरलीस. उठायचं आणि पुन्हा कॉलर धरायची. पण वळून पडलीस तर खांदा मोडेल, मग उठताच येणार नाही."

हरण्याबद्दल इतक्या साधेपणानं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मग कधीतरी जमलं. मॅडमनी मला फेकलं, मी वळले नाही, आणि हाताचा असा फटका बसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पाठीला काहीच लागलं नव्हतं. मी तशीच पडून छताच्या पत्र्याकडं बघत हसत होते. पुढच्या काही महिन्यांत मी हॉलमधली सगळ्यात चांगली पडणारी मुलगी झाले. घरी मात्र तोंड उघडलं नाही. आप्पा जेवताना विचारायचे, "आज कुणाला लोळवलंस?" मी कुठलंतरी नाव सांगायची आणि भाकरीत मान घालायची. मॅडमनी दिलेला जुना जाड पांढरा कोट आई धुऊन दोरीवर वाळत घालायची. शेजारणीनं विचारलं, "थोरलीला डॉक्टरीण करालायसा व्हय?" आईनं कोटाची बाही झटकली. ती म्हणाली, "व्हय, बघू की."

डिसेंबरात गॅदरिंग आलं. ज्युदोचं प्रात्यक्षिक करायचं ठरलं आणि मॅडमनी त्यासाठी दोघींना निवडलं. एक, पेठेतल्या दुकानदार जैन घरातली मुलगी, काडीसारखी, माझ्या निम्म्या वजनाची. दुसरी मी. ती फेकणार आणि मी पडणार. "बारीक मुलगी दांडग्या मुलीला कशी फेकते, हे लोकांनी बघितलं की ज्युदो म्हणजे काय ते कळेल," मॅडम म्हणाल्या, "आणि जी चांगली पडते, तिलाच मोकळेपणानं फेकता येतं. म्हणून तू." मला खरंच अभिमान वाटला होता. घरी जाऊन मी एवढंच सांगितलं, "कार्यक्रमात मी हाय."

आप्पा फेटा बांधून आले. एकटे नाही, तालमीतले दोन सोबती आणि म्हातारे वस्ताद यांना घेऊन आले. हेडमास्तरांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. मी मॅटवर येऊन वाकून नमस्कार केला, तेव्हा आप्पांनी शेजारच्यांना कोपरानं खुणावलेलं मला दिसलं.

मग मी पडायला सुरुवात केली.

ती कधी कमरेवरून फेकायची, कधी पाय काढून, कधी खांद्यावरून. प्रत्येक वेळी ताडपत्रीवर माझ्या हाताचा फटका वाजायचा आणि लोक त्या बारक्या मुलीसाठी टाळ्या वाजवायचे. पहिल्या दोन-तीन वेळा आप्पा वाट बघत होते. आता माझी पाळी येईल असं त्यांना वाटत असणार. मग टाळ्या थांबलेल्या असताना वस्तादांचा आवाज आला. म्हाताऱ्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळं ते मोठ्यानं बोलायचे.

"पैलवान, पोरगी तुमचीच न्हवं ही? एकदा बी पट काढून पाडंना की."

मागच्या रांगा हसल्या. आप्पा आपल्या चपलांकडं बघत होते. मग उठले, फेट्याचा शेमला सावरला आणि रांगेतून बाहेर गेले. माझं अजून बरंच पडायचं राहिलं होतं. मी सगळं पडले. एकही चुकलं नाही. पण अंग माझं नव्हतंच. कुणीतरी पोतं उचलून टाकतंय तसं वाटत होतं. कान इतके तापले होते की टाळ्या लांबून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. त्याआधी मला पडायची लाज कधी वाटली नव्हती, निदान हॉलमध्ये तरी. त्या संध्याकाळी ती वाटायला लागली.

घरी आप्पा जेवले नाहीत. आईला म्हणाले, "तिला सांग, उद्यापास्नं जाऊ नगंस म्हणावं." मी तिथंच बसले होते.

चार-पाच दिवस मी गेले नाही म्हणून मॅडम घरी आल्या. आईनं पाटावर चहा ठेवला. मॅडमनी आप्पांना नमस्कार केला आणि समजावून सांगायला लागल्या, की प्रात्यक्षिकात पडणारीचं काम जास्त अवघड असतं, ती अंग सोडते म्हणून डाव दिसतो, दोघींनी मिळून ते करायचं असतं. आप्पांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "एकानं ठरवून पडायचं आणि दुसऱ्यानं पाडायचं. आमच्यात त्याला नुरा कुस्ती म्हणत्यात."

मॅडमना तो शब्द माहीत नव्हता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो का? तुमच्याकडंही आहे म्हणजे!" आईनं पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडं बघत राहिले. दोघांपैकी कुणाची जास्त लाज वाटतेय तेच मला कळत नव्हतं. कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, "नुरा म्हणजे काय गं?" मी सांगितलं, की लोकांना फसवायला आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. असली कुस्ती करणाऱ्याला तालमीत कुणी उभं करत नाही. मॅडम चालायच्या थांबल्या. "आणि मी हो म्हणून आले," एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

आईनं काय समजूत घातली मला माहीत नाही, पण पुढच्या सोमवारी आप्पा कामावर निघताना म्हणाले, "जायाचं तर जा. पर कुणाची पोरगी ते सांगत फिरू नगंस."

मी गेले. शाळेत खेळले, पुढं कॉलेजात खेळले, जिल्ह्यात जिंकले, राज्याच्या स्पर्धेत तिसरी आले. स्पर्धेच्या ठिकाणी नाव पुकारताना वडिलांचंही नाव घ्यायचे, आणि दर वेळी मी इकडंतिकडं बघायची, कुणी ओळखीचं तर नाही ना. जिंकलेलं पदक आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली गेलं. आप्पा एकदाही बघायला आले नाहीत. गल्लीत कुणी विचारलं तर "ट्यूशनला गेलीया" म्हणायचे. बारा-बारा तास ट्यूशनला जाणारी पोरगी परीक्षेत जेमतेम पास कशी होते, हे कुणी त्यांना विचारलं नाही. मीही त्यांना दोष देत नाही. मी स्वतःसुद्धा कुणाला सांगत नव्हते.

मग मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका झाले. तिथं मॅट कुठली मिळायला? सुगी झाली की पोत्यांत भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, भरायचं, पोती शिवून एकमेकांना बांधायची आणि त्यावर ताडपत्री. मुलं पडायला लगेच शिकली. चिखलात भात लावणाऱ्या घरांतली मुलं, त्यांना पडायचं काही वाटत नव्हतं. त्यांना बघून मला हेवा वाटायचा.

आप्पा रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी आईचा शाळेच्या फोनवर फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, "तुझं आप्पा सारखं पडाल्यात. कुणाला बोलू नगंस."

"कुठं पडले?"

"कुठंबी. न्हाणीत, अंगणात, काल मंडईत. मला सांगत न्हाईत. हातावर काळंनिळं दिसलं की खुंटीला लागलं म्हणत्यात."

शुगर होती. डॉक्टरांनी सांगितलं की तळपायांना जमीन कळेनाशी झाली आहे. पाऊल टेकलंय की नाही हेच त्यांना समजत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा उजव्या मनगटाला प्लॅस्टर होतं. पडताना हात पुढं टाकला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता मनगटावर भागलंय, पुढच्या वेळी खुबा जाईल. पण आप्पांना खुब्याचं काही नव्हतं. मंडईत पडले तेव्हा कुणीतरी अंगठा तोंडाला लावून म्हणालं होतं, "काय पैलवान, सकाळी सकाळी?" आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडायचे बंद झाले होते. दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि कुणी येताना दिसलं की उठून आत जायचे.

दोन दिवस मी त्यांना खुर्चीतून उठून आत जाताना बघितलं. मग म्हटलं, "आप्पा, मी शिकवतो तुमाला पडायला."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "आता पोटच्या पोरीकडनं पाठ लावून घ्यायची व्हय?"

"कुणी बघणार न्हाय."

"तू बघशील की," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

 मी विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आईनंच मागच्या खोलीत घरातल्या सगळ्या गाद्या अंथरल्या, खिडकीला लुगडं लावलं आणि म्हणाली, "चला. मी हितं दारात बसतो. कोण आलं तर सांगतो." आप्पा बऱ्याच वेळानं उठले.

"कडी लावलीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"लावली."

मी त्यांना गादीवर बसवलं. उभ्यानं पडायचं नव्हतंच. बसल्या बसल्या मागं जायचं, हनुवटी छातीला, पाठ गोल, हात बाजूला. पण त्यांची मान ताठ. मागं जायला लागले की अंग कुशीवर वळायचं. मी वळायची तस्संच. मी त्यांच्या डोक्यामागं तळवा धरला. मोडलेल्या कानांचं, पांढऱ्या खुंटांचं ते जड डोकं मी पहिल्यांदाच असं हातात घेत होते. त्यांना घाम फुटला होता. माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मीही त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. "कडी लावलीस न्हवं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"आप्पा, अंग माझ्या हातात द्या. मी धरलंय."

आणि एकदा ते वळले नाहीत. पाठ गादीला लागली. पुरती, खांद्यांपासून कमरेपर्यंत. ते तसेच पडून राहिले. मला वाटलं काही दुखलं की काय. पण ते वर आढ्याकडं बघत होते.

"हितनं असं दिसतंय व्हय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गगनबावड्याकडचा एक गडी हुता. जोडीला चांगला हुता. मी चीत केला तर डोळ्यांवर हात घिऊन पडून ऱ्हायला. उठंचना. आमी सगळी हसलो त्याला." त्यांनी डावा हात उचलून कपाळावर ठेवला. "पुन्यांदा कुठल्या मैदानात दिसला न्हाई तो."

दाराबाहेरून आई म्हणाली, "झालं का?"

"थांब की जरा," आप्पा म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज दुपारी तेच केलं. आधी बसल्या बसल्या मागं पडणं जमलं, मग गुडघ्यांवरून, मग माझ्या हाताला धरून उभ्यानं. त्यांना गोडी लागली असं मी म्हणणार नाही. रोज खिडकीचं लुगडं ते स्वतः तपासायचे. शिकून झालं की ते आधी बाहेर जाऊन खुर्चीवर बसायचे आणि गाद्या मी एकटीच उचलायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा आले. तोपर्यंत मनगट बरं झालं होतं. एका सकाळी ते म्हणाले, "चल, दाढी करून येऊ." काठी घ्यायला तयार नव्हते, म्हणून मी कोपर धरलं. न्हाव्याकडं जायची वाट तालमीवरून जाते. व्यायाम करून पोरं बाहेर कट्ट्यावर बसली होती. त्यांनी पैलवानांना बघून हात जोडले, आप्पांनी नमस्कार घ्यायला माझ्या हातातलं कोपर सोडवून घेतलं, आणि रस्त्याच्या कडेच्या खळग्यात पाऊल गेलं.

ते मागं गेले. हनुवटी छातीला लागलेली मी बघितली. हात बाजूला आपटला. आणि ते तालमीसमोर, भर रस्त्यात, उताणे पडले.

पोरं धावत आली. "पैलवान पडलं, पैलवान पडलं!" समोरच्या चहाच्या गाडीवरची माणसं उठून उभी राहिली. मी त्यांच्याजवळच उभी होते, पण पुढं झाले नाही. ते बरोबर पडले होते. मी जसं शिकवलं तसं, कदाचित त्याहून चांगलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तेवढी माणसं बघताहेत हे एवढंच मला कळत होतं. मी रस्त्याकडं बघत होते, पोरांच्या पायांकडं बघत होते, आप्पांकडं सोडून सगळीकडं बघत होते. इतकी वर्षं मुलांना पडायला शिकवणारी बाई मी, आणि माझा बाप पडला याची मला लाज वाटली.

एका पोरानं त्यांच्या काखेत हात घातला. आप्पा त्याला म्हणाले, "थांब रं. मला उठाय येतंय." ते कुशीवर वळले, गुडघा रोवला आणि उठले. शर्टाच्या पाठीला धूळ लागली होती. पोरानं झटकायला हात पुढं केला, तर त्यालाही नको म्हणाले. त्यांचं तोंड लालभडक झालं होतं. पण हाडाला काही झालं नव्हतं. नुसता तळहात खरचटला होता.

"चल," ते मला म्हणाले.

न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. न्हाव्यानं विचारलं, "पैलवान, शर्टाला काय लागलंय?" मी बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "पडलो रस्त्यात." न्हावी थांबला. मग त्यानं ब्रश बुडवला आणि साबण लावायला लागला.

परत येताना त्यांनी स्वतःहून माझं मनगट धरलं. आम्ही तालमीवरूनच आलो, कारण दुसरी वाट लांबची होती. कट्ट्यावर तीच पोरं होती. आप्पा बघत नव्हते, पण मी या वेळी मान वर ठेवायचा प्रयत्न केला. पुरतं जमलं असं नाही. घरी आईनं दार उघडलं, त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि शर्ट धुवायला मागितला.